लॉकरमधली बाटली

आमचे हे कारखान्यातून निवृत्त झाले, त्या दिवशी मला कळलं की मी तीस वर्षं पहाटे उठून दुसऱ्याच बाईच्या नवऱ्याचा डबा भरत होते.

खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात निरोपाचा कार्यक्रम होता. शाल, नारळ, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि माइक हातात आल्यावर तो न सोडणारे साहेब. शेवटी यांचे जिवलग मित्र बोलायला उभे राहिले. हे भाऊजी कात्रजकडचे, शेतकरी घरातले. शहर त्यांच्या गावात शिरलं, शेतात इमारती उभ्या राहिल्या, पण भाऊजींची बोली होती तिथंच राहिली. दोघं एकाच दिवशी कामाला लागले, एकाच मशीनवर उभे राहिले आणि एकाच महिन्यात निवृत्त झाले. भाऊजी माइकवर म्हणाले, "ह्याच्याबद्दल मी काय बोलू? पर वहिनींचे लई उपकार हायेत. त्यांच्या हातच्या जवसाच्या चटणीबिगर माझी एक दुपार गेली न्हाई." टाळ्या पडल्या. मी यांच्याकडे पाहिलं. हे छताचा पंखा निरखत होते.

घरी येऊन मी विचारलं.

"पहिल्या दिवशी आम्ही डबे अर्धे अर्धे वाटले," हे म्हणाले. "मग लक्षात आलं की दोघांनाही दुसऱ्याचाच जास्त आवडतो."

"आणि मग तीस वर्षं?"

"मधे सुट्ट्या होत्या."

या माणसाशी भांडता येत नाही. मी महापालिकेच्या शाळेत गणित शिकवलं, भल्याभल्या टारगट पोरांना फळ्यासमोर रडवलं, पण हे असं काही बोलतात की पुढचा शब्द सुचत नाही. बरं, दोघांचं वाटून घेण्याचं वेड डब्यापुरतंही नाही. भाऊजी आमच्या दारात आले की "जय भीम" म्हणतात, आणि हे त्यांना "राम राम" घालतात. नमस्कारसुद्धा यांनी अदलाबदल करून घेतलेत.

पुढे यांना हार्ट अटॅक आला. वाचले. पण नंतर दोन जिने चढले की धाप लागायची, पायाला सूज यायची. भाऊजी भेटायला आले, यांना चार धीराच्या गोष्टी सांगितल्या, आणि जाताना आमच्याच जिन्यात कठड्याला धरून बसले. तपासलं, तर त्यांचंही हृदय तसंच थकलेलं. "घ्या! इथंपण भागीदारी!" मी म्हणाले. हसत म्हणाले, आणि रात्री दोनदा उठून यांचे श्वास मोजले.

दोघंही एकाच हॉस्पिटलात जायला लागले. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या, पण बोलणं पेठेतल्या जुन्या दुकानदाराचं. "प्रश्न एकेकाने विचारा आणि उत्तर संपेपर्यंत थांबा," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं हृदयाबद्दल. म्हणाल्या, "अटॅकमध्ये हृदयाला जखम झाली. ती भरली, पण वण राहिला. वण कधी ताणला जातो का? नाही. हृदयाला मात्र सारखं ताणायचं आणि आवळायचं असतं. आणि हा वण जिथं जखम नव्हती तिथंही हळूहळू पसरतोय." मला मळून उघडी राहिलेली कणीक आठवली. वरून कडक होत जाते, आणि मग कितीही तेलाचा हात लावा, तिची पोळी काही धड होत नाही.

हा वण पसरायचा थांबावा म्हणून एका नव्या औषधाचा अभ्यास चालू होता. दोघांनाही त्यात घ्यायचं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "नेहमीची औषधं सगळ्यांना चालूच राहतील. वर ही एक गोळी. निम्म्या लोकांच्या गोळीत औषध असेल, निम्म्यांच्या गोळीत नुसतं पीठ. रंग तोच, आकार तोच. तुम्हाला कुठली, ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही. अभ्यास संपल्यावरच उघडायचं."

"आणि औषध लागू पडतं की नाही?" मी विचारलं.

"ते माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता?"

आणखी दोन गोष्टी त्यांनी बजावल्या. औषधाने काहींच्या तोंडाची चव जाऊ शकते, ही एक. आणि मीठ, ही दुसरी. "लोणचं, पापड, खारे दाणे, फरसाण सगळं बंद. मीठ जास्त गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं. ते पाणी फुप्फुसात भरतं, आणि मग तुम्हाला इथं उचलून आणावं लागतं. मला ते मुळीच आवडत नाही." मी घरी आले आणि माझी लोणच्याची बरणी खालच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकली. एका म्हातारीने आपली लोणच्याची बरणी दान करणं म्हणजे काय असतं, ते बायकांनाच कळेल.

झालं, गोळ्या सुरू झाल्या. आणि महिन्याभरात एक विचित्र प्रकार माझ्या लक्षात आला.

मी तर रोज तसंच करत होते, चिमटीच्याही निम्म्या मिठात. पण हे एक आठवडा ताट बघून तोंड वाकडं करायचे, "काय हे, अळणी! चवच नाही कशाला!" आणि पुढचा आठवडाभर तेच वरण, तीच दोडक्याची भाजी बिनतक्रार चाटूनपुसून खायचे. मग परत तोंड वाकडं. आधी मला राग आला. मग मला वाटलं, आपल्याच हाताची चव गेली. माझं मन किती खट्टू झालं म्हणून सांगू!

भाऊजींच्या बायकोला मी वहिनी म्हणते आणि त्या मला ताई. त्यांना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "अगंबाई, आमच्याकडं बी असंच हाय! एक आठवडा कुरकुर, एक आठवडा गप."

"या आठवड्यात काय?"

"ह्या आठवड्यात गप हायेत."

आमच्याकडे त्या आठवड्यात कुरकुर होती. पुढच्या आठवड्यात मी परत फोन केला. आमचे गप्प, त्यांचे कुरकुरे. त्याच्या पुढच्या आठवड्यात उलट. आता मी गणिताची बाई. एक चढला की दुसरा उतरतो, हे बघितल्यावर मला स्वस्थ बसवेना.

दर रविवारी दोघं सारसबागेत भेटायचे. हे खडकीहून यायचे, भाऊजी कात्रजहून, आणि बागेत बाकावर तासभर बसायचे. वहिनींना वाटलं, तिथं भेळ हाणत असतील. मी म्हटलं, भेळ असती तर दोघं एकाच आठवड्यात गप्प बसले असते. काहीतरी दुसरं आहे. मग एका रविवारी यांच्या मागोमाग मी निघाले, कात्रजहून वहिनी आल्या, आणि आम्ही दोघी पिकल्या केसांच्या बायका फुगेवाल्याच्या आडून आमच्याच नवऱ्यांवर पाळत ठेवून उभ्या राहिल्या. फुगेवाला म्हणाला, "घ्यायचाय का एखादा, की नुसतंच?" मी एक घेतला. उगाच वाद नको.

दोघं बसले. घाम पुसला. मग यांनी आपली कापडी पिशवी भाऊजींच्या मांडीवर ठेवली आणि भाऊजींनी आपली यांच्या मांडीवर. बस्स, एवढंच. मी फुगा घेऊन तरातरा गेले आणि भाऊजींच्या मांडीवरची पिशवी उघडली. आत एक रुमाल, आणि रुमालात यांची अभ्यासातल्या गोळ्यांची बाटली. झाकणावर यांचा नंबर.

"हे काय आहे?"

हे वर बघायला लागले. पण बागेत पंखा नव्हता.

"वहिनी, डब्यासारखंच हाय की," भाऊजी म्हणाले.

मग यांनी शांतपणे सांगितलं, जणू मी विचारायलाच उशीर केला होता. "डॉक्टर म्हणाल्या, निम्म्यांना खरं, निम्म्यांना पीठ. आम्ही दोघं. म्हणजे एकाला खरं आणि एकाला पीठ. एकाने औषध खायचं आणि दुसऱ्याने त्याच्या तोंडाकडे बघत पीठ खायचं? त्यापेक्षा एक आठवडा ही बाटली, एक आठवडा ती. दोघांनाही निम्मं निम्मं मिळतं."

मला हसावं की रडावं कळेना. वहिनी तर मटकन बाकावरच बसल्या. आणि मी तिथंच, फुगा हातात धरून, डोक्यात गणित मांडलं. ज्या आठवड्यात यांच्याकडे आमची बाटली, त्या आठवड्यात यांना अन्न बेचव. ज्या आठवड्यात आमची बाटली भाऊजींकडे, त्या आठवड्यात भाऊजींना बेचव. औषधाने चव जाते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. म्हणजे औषध आमच्या बाटलीत होतं, आणि भाऊजींच्या बाटलीत पीठ.

वहिनींनीही तेच गणित मांडलं असावं. कारण आमची दोघींची नजरानजर झाली, आणि दोघींनीही लगेच दुसरीकडे बघितलं.

"डॉक्टरांना सांगायला हवं," मी म्हणाले.

"सांगितलं की दोघांनाही अभ्यासातून काढतील," हे म्हणाले. "मग कुणालाच नाही."

मी आमची बाटली माझ्या पर्समध्ये टाकली. यांनी भाऊजींच्या पिशवीतून त्यांची बाटली काढून त्यांना परत दिली आणि पिशवी काखेत मारली.

घरी आल्यावर मी ती बाटली कपाटातल्या लॉकरमध्ये ठेवली, पाटल्यांच्या डबीशेजारी, आणि किल्ली कमरेला लावली. रोज सकाळी लॉकर उघडायचं, एक गोळी काढायची, यांच्या जिभेवर ठेवायची, वर पाणी द्यायचं आणि "आ करा" म्हणून तोंड बघायचं. हे म्हणायचे, "त्याचं काय?" मी म्हणायचे, "पाणी प्या."

खरं सांगते, मला लाज वाटत नव्हती. आजही वाटत नाही. भाऊजींचं वाईट व्हावं असं माझ्या मनात कधीच नव्हतं. पण जिन्याच्या प्रत्येक पायरीवर नवऱ्याच्या छातीचा भाता ऐकत उभ्या राहणाऱ्या बाईला न्यायनिवाडा शिकवू नये. ते औषध आमच्या नावाचं होतं, आणि मला माझा नवरा हवा होता, बस्स.

त्या रविवारी संध्याकाळीच वहिनींचा फोन आला होता. म्हणाल्या, "ताई, औषध तुमच्या बाटलीत हाय, तर ते तुमचंच. म्या काय मागत न्हाई." आणि ठेवून दिला. त्यापेक्षा कचाकचा भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यानंतर ना त्यांचा फोन, ना माझा.

आणि मग एक चमत्कार झाला. हे आमच्याच बाटलीतली गोळी रोज घेत होते, म्हणजे माझ्या हिशेबाने यांची चव जायला हवी होती. पण हे मिटक्या मारत जेवायला लागले! "आज वरण काय झकास झालंय!" दोडक्यालासुद्धा नावं ठेवेनात. शाळेत एखाद्या मुलाचं उत्तर असं उलटं आलं असतं, तर मी त्याला म्हटलं असतं, गणित पहिल्यापासून तपास. मी काय केलं? म्हटलं, औषध अंगी लागलं. शरीराला सवय झाली. खुशीत मी शेजारणीलासुद्धा सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात यांच्या पायात मोज्याची रेघ उमटायला लागली. मग चपला घट्ट झाल्या. आणि एका सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकले ते वर येईनात. ओठ निळे, छातीतून बुडबुड्यांसारखा आवाज. एक वाक्य पुरं बोलायला तीनदा थांबायला लागले. शेजारच्या मुलाने गाडी काढली. गाडीत मी यांचा हात धरून बसले होते, आणि माझ्या मनात एकच, की मी त्यांना रोज खरं औषध देत होते ना? मग?

हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. डॉक्टरीणबाई आल्या, छाती तपासली आणि माझ्याकडे वळल्या.

"मीठ?"

"नाही हो."

"लोणचं?"

"बाई, माझ्या घरात लोणच्याची बरणीसुद्धा नाही. देऊन टाकली."

त्यांनी यांच्याकडे बघितलं. यांच्या तोंडावर मास्क होता. डोळे मात्र छताच्या पंख्याकडे गेले. तीस वर्षांच्या डब्यानंतर मला ती नजर ओळखता येते.

तेवढ्यात भाऊजी आणि वहिनी कात्रजहून धापा टाकत आले. भाऊजींनी यांना बघितलं, मास्क बघितला आणि तिथंच हात जोडले. "डॉक्टर, लोणचं आमचं हाय."

मग सगळं बाहेर आलं. वहिनींच्या कैरीच्या लोणच्याची एक छोटी काचेची बाटली भाऊजींनी घरातून लंपास केली होती. ती त्यांच्या गोळ्यांच्या बाटलीबरोबर त्याच पिशवीत फिरायची. एक आठवडा भाऊजींकडे, एक आठवडा आमच्याकडे. ज्याच्याकडे लोणचं, तो चूपचाप जेवायचा. ज्याच्याकडे नाही, त्याला माझं वरण अळणी लागायचं. आणि सारसबागेत आम्ही पकडलं, तेव्हा ती बाटली यांनी काखेत मारलेल्या पिशवीतच होती! भाऊजींनीही मागितली नाही. औषध गेलं, निदान मित्राला लोणचं तरी राहू दे, असा त्यांचा उदार विचार. म्हणजे दोन माणसांनी वाटून खायचं मीठ दोन आठवडे एकट्या यांच्या पोटात जात होतं. घरी शोधली तर कुठं सापडावी? हेल्मेटमध्ये. आमच्या घरात हेल्मेटचा काहीतरी उपयोग झाल्याचं हे पहिलंच उदाहरण.

राग कशाचा आला सांगू? माझ्या जवसाच्या चटणीसाठी या माणसाने कधी जीव धोक्यात घातला नाही. घातला तो वहिनींच्या लोणच्यासाठी. तो राग अजून गेलेला नाही.

पण आता लोणच्याची गोष्ट सांगायची, तर गोळ्यांची सांगणं आलंच. मीच सांगितली, सगळी, माझ्या गणितासकट. डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसल्या.

"तुमचं गणित बरोबर होतं," त्या मला म्हणाल्या. "फक्त मीठ मांडायचं राहिलं. तुम्ही औषध कुठल्या बाटलीत आहे ते नाही शोधलंत, लोणचं कुठं आहे ते शोधलंत." मग दोघांकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. "आणि तुम्ही. किती लोक या अभ्यासात गोळ्या घेतायत, इमानाने, आपल्याला काय मिळतंय ते माहीत नसताना. त्या सगळ्यांच्या उत्तरात तुम्ही माती कालवलीत. उद्या एखादं चांगलं औषध तुमच्यामुळे वाया गेलं, तर ते ज्यांना मिळणार नाही त्यांना काय सांगू मी? त्यांच्यातल्या दोघांची मैत्री फार घट्ट होती, असं?"

मी इतक्या वर्षांत यांना पहिल्यांदाच खाली बघताना पाहिलं.

"गोळ्या आजपासून बंद. दोघांच्याही. तपासणीला मात्र शेवटपर्यंत यायचं."

मला रडूच फुटलं. इतका वेळ धरून ठेवलं होतं. कुणालाच नाही, असं हे म्हणाले होते, आणि आता कुणालाच नव्हतं. डॉक्टरीणबाई दारापर्यंत जाऊन परत आल्या. "रडू नका. यांच्या छातीत पाणी गोळीवाचून भरलेलं नाही, कैरीमुळे भरलंय. ते उतरेल. बाकीची औषधं नीट चालू ठेवा आणि त्या लोणच्याला माझ्या नजरेसमोरून हलवा."

बाहेर बाकावर वहिनी आणि मी शेजारी शेजारी बसलो. मग मीच सांगून टाकलं, "वहिनी, मी बाटली लॉकरमध्ये कुलूप लावून ठेवली होती."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "म्या बी लावलं असतं, ताई. आमच्या कपाटाचं कुलूप मोडलंय म्हणून, न्हाईतर हे सगळं उलटं झालं असतं." आणि पदराने माझंच तोंड पुसलं.

पाणी उतरलं. हे घरी आले. लोणचं सुटलं, दोघंही रोज चालायला लागले, आपापल्या ठिकाणी, आणि फोनवर एकमेकांची खोटी अंतरं सांगायला लागले. तपासण्यांना दोघं बरोबर जायचे. डॉक्टरीणबाई आधी दोघांच्या पिशव्या उघडायला लावायच्या आणि मग रक्तदाब घ्यायच्या.

बऱ्याच काळाने अभ्यास संपला. कुणाच्या बाटलीत काय होतं ते उघडलं, आणि त्यांनी आम्हा चौघांना बोलावलं. आम्ही समोर ओळीने बसलो. काही झालं तरी चौघांतल्या दोघांना वाईट वाटणार, हे मला दिसत होतं. आमच्या बाटलीत औषध निघालं, तर मी ते भाऊजींच्या तोंडचं काढलं. त्यांच्या बाटलीत निघालं, तर मी पीठ कुलपात ठेवून खरं औषध कात्रजला धाडून दिलं. वहिनींनी माझा हात धरला होता. की मी त्यांचा, आता आठवत नाही.

"पीठ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कुणाचं?" आम्ही चौघंही एकदम.

"दोघांचंही. दोन्ही बाटल्यांत औषध नव्हतं."

"असं कसं?" मी म्हणाले. "निम्म्यांना खरं, निम्म्यांना पीठ म्हणाला होतात ना? हे दोघं. मग एकाला तरी..."

त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही गणिताच्या बाई ना? दोन नाणी वेगवेगळी उडवली तर काय काय पडू शकतं?"

सातवीतल्या मुलीसारखी मी म्हणाले, "दोन्हींवर छापासुद्धा पडू शकतो."

"बसा," त्या म्हणाल्या. मी बसलेलीच होते.

निम्मं निम्मं हे गणित डॉक्टरांचं, सगळ्या लोकांसाठीचं. ते या दोघांनी उचललं आणि आपल्या डब्याला लावलं. जगात जे काही आहे, ते यांच्या दोघांतच वाटायला आलंय, असंच यांना तीस वर्षं वाटत होतं. आणि डोळ्यांसमोर उत्तर असून मीही तेच धरून चालले. मी म्हणे गणिताची बाई!

भाऊजी आधी हसायला लागले. मग हे. हसता हसता दोघांनाही धाप लागली, तरी थांबेनात. "म्हंजी," भाऊजी कसेबसे म्हणाले, "आपण पीठ बी निम्मं निम्मंच खाल्लं की रं!" आणि हे डोळे पुसत मला म्हणाले, "एवढ्या बंदोबस्तात तर आम्ही कारखान्यात दारूगोळासुद्धा ठेवला नव्हता. पाटल्यांशेजारी पीठ!" डॉक्टरीणबाईंनी तोंड फिरवून खिडकी उघडली. त्या हसत होत्या, मला पाठमोऱ्यासुद्धा दिसलं.

आता दोघांना गोळ्यांचं कसलं गूढ राहिलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही तीच नेहमीची औषधं लिहून दिलीत. तीच नावं, तेच रंग, कुठल्याही दुकानात मिळणारी. आठवड्याच्या गोळ्या आम्ही दोघी आपापल्या घरी सात खणांच्या डबीत भरतो. आणि दर रविवारी हे दोघं सारसबागेत बाकावर बसून त्या डब्यांची अदलाबदल करतात. मी एकदा विचारलं, "अहो, दोन्हींत तेच आहे. मग कशाला?"

"भरणारे हात वेगळे आहेत ना," हे म्हणाले.

मागच्या रविवारी यांना बरं नव्हतं. उठून बसले की धाप लागत होती. भाऊजींना तर आताशा घराबाहेरही फारसं पडवत नाही. "राहू दे या आठवड्यात," हे म्हणाले, पण डबी हातातून खाली ठेवेनात. मग मी ती त्यांच्या हातातून घेतली, स्वारगेटला बस बदलली आणि कात्रजला गेले. वहिनी दारातच उभ्या होत्या, त्यांची डबी घेऊन. भाऊजी आतून ओरडले, "जय भीम वहिनी! माझी डबी आणली का?" मी आमची दिली, त्यांची घेतली. त्याच गोळ्या, तेच रंग, तेच सात खण. परतीच्या बसमध्ये मी ती मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. कंडक्टर म्हणाला, "आजी, ती डबी पिशवीत ठेवा ना, पडेल." मी त्याच्यावर अशी खेकसले, की बिचाऱ्याने पुढं तिकीटसुद्धा माझ्याकडे न बघताच फाडलं.